आजोबांच्या एकनळीचा दस्ता : तेलकामाच्या नोंदी

२८ नोव्हेंबर २०२४

बंदूक काल घरी आली. विधानसभेची आचारसंहिता उठली, बाबा पावती घेऊन ठाण्यात गेले आणि सोडवून आणली. या वर्षात दोनदा जमा करावी लागली, आधी लोकसभेला मार्च ते जून आणि आता परत ऑक्टोबरमध्ये, म्हणजे एकदा काजू-आंब्याच्या ऐन दिवसात आणि दुसऱ्यांदा भात कापणीला आलेलं असताना. परवाना शेती संरक्षणाचा आहे, आधी आजोबांच्या नावावर होता, आता बाबांच्या. बार काढून डुकरं हाकलायची एवढंच तिचं काम, आणि नेमकं त्याच वेळी ती घरात नव्हती. रात्री डबे वाजवत बसलो होतो दोघं.

पण आजचं दुःख वेगळं आहे. कापड सोडलं आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, बघून पोटात कालवलं. जूनमध्ये आणली तेव्हाच दोन-तीन पांढरे डाग दिसले होते, मी म्हटलं पावसाळा सरल्यावर बघू. आता अर्धा दस्ता पांढुरका झालाय, दूध सांडून सुकल्यासारखा. मागच्या प्लेटीच्या कडेने काळी बुरशी. पॉलिशचे पोपडे सुटलेत आणि मुठीजवळ हात चिकटतो.

बंदूक ग्रीनरची जीपी, १२ बोअर, एकनळी. मार्टिनी पद्धतीची, म्हणजे मुठीखालची दांडी खाली ओढली की आतला ठोकळा उतरतो, काडतूस सारायचं, दांडी वर. नळीवर बर्मिंगहॅमचे मुकुटाचे शिक्के आहेत. आजोबांनी साठच्या दशकात कोल्हापुरातून जुनीच घेतली होती. लाकूड अक्रोडाचं.

ठरवलं, दस्ता मीच करायचा. तेलावर, म्हणजे वरून पॉलिश न चढवता लाकडात तेल मुरवून. बाबांना विचारलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सगळा खरवडून टाकू नुको हां." हे वाक्य इथे लिहून ठेवतोय कारण पूर्ण कामात मला ते लक्षात ठेवायचंय.

३० नोव्हेंबर

आज उघडली. बाबा शेजारी बसून होते, पहिल्यांदा दांडी खाली करून चेंबर रिकामं आहे ते त्यांनी बघितलं, मग मी बघितलं. नळी आणि मधला लोखंडी भाग पुसून, हलकं तेल लावून, बाबांच्या कपाटात कुलपात गेला. मी फक्त लाकडाचं काम करणार, लोखंडाला पॉलिश पेपर लावायचाच नाही. त्यावर नंबर आहे, शिक्के आहेत, ते जसे आहेत तसेच राहिले पाहिजेत.

दस्ता काढायला मागची काळी प्लेट सोडवायची, दोन स्क्रू, आत एक लांब भोक आणि भोकाच्या तळाशी मोठा बोल्ट. नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर तिथपर्यंत पोचत नाही, आणि बारीक पात्याचा घातला तर खाच खराब होते, एकदा खाच गेली की दस्ता फोडल्याशिवाय तो बोल्ट निघत नाही. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून जुन्या सळीचं टोक खाचेच्या मापाने घासून आणलं, बरोबर बसेल असं. दोनदा ग्राइंडरवर परत न्यावं लागलं. मग मात्र बोल्ट एका झटक्यात सुटला, आणि तेव्हाच कळलं की तो मुळात घट्ट नव्हताच. हे चांगलं लक्षण नाही.

आतलं लाकूड बघितल्यावर तीन गोष्टी सापडल्या.

प्लेटीखालचं लाकूड कोरडं ठणठणीत, त्यावर कधीच काही लागलेलं नाही. ही दस्त्याची आडवी कापलेली बाजू, सगळ्या शिरांची तोंडं तिथे उघडी, पाणी तिथूनच आत जातं. वरून कितीही चकाचक पॉलिश करा, इथे लावलं नाही तर दमट हवा मागच्या दाराने येणारच. बुरशी तिथूनच सुरू झालीये.

पुढचं टोक, जे लोखंडात बसतं ते, काळंकुट्ट आणि मऊ. नखाने दाबलं तर खूण उठते. हे बंदुकीचं तेल. आमच्याकडे बंदूक कायम नळी वर करून कोपऱ्यात उभी असायची, नळीत सोडलेलं तेल वर्षानुवर्षं खाली उतरत राहिलं आणि लाकडाने पिऊन घेतलं. नळी खाली करून ठेवली असती तर हे झालं नसतं.

आणि त्याच टोकाला एक केसासारखी चीर, साधारण दोन इंच. बोल्ट सैल, त्यामुळे प्रत्येक बाराला लोखंड मागे येऊन लाकडावर आदळत होतं, त्याची ही चीर.

१ डिसेंबर

आधी वरचं पॉलिश कसलं आहे ते बघायला हवं होतं. कापसाचा बोळा, थोडं स्पिरिट, प्लेटीजवळ कोपऱ्यात घासलं. मिनिटभरात चिकट झालं आणि बोळा तांबडा. म्हणजे चपडा, आपलं फ्रेंच पॉलिश. बाबांना मग आठवलं की नव्वदच्या आसपास घरात लग्न होतं, कपाटं आणि पलंग पॉलिश करायला माणूस आला होता आणि आजोबांनी बंदूकही त्याच्यापुढे ठेवली होती. त्या माणसाने मनापासून केलंय काम, पण चपडा दमट हवेत पांढरा पडतो, आणि इथे जून ते सप्टेंबर भिंतीला पाणी सुटतं. पलंगाला चालतं. बंदूक दवात बाहेर जाते, घामाचा हात लागतो, गाल लागतो, तिला नाही चालत.

स्पिरिटने काही झालं नसतं तर थिनर लावून बघायचं, थिनरनेही नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) वगैरे असणार आणि मग पेंट रिमूव्हरशिवाय गत्यंतर नाही. आम्हाला सोपं निघालं.

दुपारभर स्पिरिट आणि जुनी बनियन. भिजवायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुसायचं, फडकं बदलायचं. मुठीवरच्या चौकटीच्या नक्षीत दात घासायचा ब्रश, शिरेच्या दिशेनेच. पॉलिश पेपर अजिबात नाही. तारेचा काथ्यासुद्धा घेतला नाही, कारण त्याचे बारीक कण शिरांत अडकतात, पुढे ओल लागली की गंजतात आणि अक्रोडावर काळे ठिपके उठतात. हिरवं स्कॉचब्राइट वापरलं.

संध्याकाळी चपड्याखालून खरं लाकूड वर आलं. मी एवढी वर्षं ही बंदूक बघतोय, मला वाटायचं ती एकसारखी तांबडी आहे. आत राखाडी-तपकिरी, मधून काळसर रेघा, आणि मुठीच्या मागे त्या रेघा वळून गालाच्या जागेकडे वर जातात, ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं तशा. बाबांना हाक मारली. ते चष्मा घेऊन आले आणि उजेडात धरून फिरवून फिरवून बघत राहिले.

३ आणि ४ डिसेंबर

फेंगल वादळ तिकडे पुद्दुचेरीला लागलं आणि इकडे आभाळ भरून आलं, पाऊससुद्धा झाला. काम बंद. लाकूड माळ्यावर चुलीच्या वरच्या बाजूला, पण धुराच्या वाटेत नाही असं टांगून ठेवलंय.

रतनजोत आणली आज. ही गंमत मला फार आवडली आहे म्हणून सविस्तर लिहितो. इंग्लंडमध्ये बंदुकीच्या दस्त्याला जो तांबूस झाकेचा तेल-फिनिश देतात त्यात अल्कानेट नावाच्या झाडाचं मूळ अळशीच्या तेलात भिजवलेलं असतं. आणि आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रतनजोत म्हणून मिळते ती त्याच कुळातली, तोच लाल रंग देणारी, रोगनजोशमध्ये घालतात ती. कुडाळला मिळाली. दुकानदार म्हणाला केसाच्या तेलाला का, मी म्हटलं नाही, बंदुकीच्या दस्त्याला, तर त्याने अजून थोडी जास्तच बांधून दिली.

सालं हाताने चुरगळून मलमलच्या पुरचुंडीत बांधली, साधारण पन्नास ग्रॅम, आणि अर्धा लिटर कच्च्या अळशीच्या तेलात सोडली. हा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. बरणी खिडकीत ठेवली. अजून एक, हा रंग सोड्याला फार हळवा आहे, खार लागला की लालचा निळा-जांभळा होतो. म्हणून दस्ता धुण्याच्या सोड्याने साफ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकायचा नाही, लाकडात राहिलेला खार नंतर रंग बिघडवणार आणि अक्रोडही काळवंडणार ते वेगळंच.

६ डिसेंबर

ऊन आलं. पुढच्या टोकातलं तेल काढायला घेतलं. खडूची पूड, रंगाच्या दुकानात व्हायटिंग म्हणून मिळते, ती ॲसिटोनमध्ये कालवून दह्यासारखी केली आणि टोकाला जाड थापली. अंगणात, चुलीपासून लांब, कारण ॲसिटोन पेटायला वेळ लागत नाही. ॲसिटोन आत जाऊन तेल पातळ करतं, उडून जाताना तेल बाहेर ओढतं आणि पूड ते शोषून घेते. पांढरी थापली होती, तासाभरात चहाच्या रंगाची झाली. झटकली, परत थापली. तीनदा.

७ डिसेंबर

परत तीनदा. आता फक्त पिवळसर होतेय. नखाने दाबून बघितलं, लाकूड कडक लागतंय. एवढ्यावर थांबलो, सगळं तेल काही निघत नाही आणि निघायची गरजही नाही, गोंद धरेल एवढं सुकं झालं की पुरे.

स्क्रूच्या भोकांभोवती काळं वर्तुळ आहे ते तसंच ठेवलं. अक्रोडात टॅनिन असतं, ओल आणि लोखंड मिळालं की काळी शाई तयार होते. ऑक्झॅलिक ॲसिडने जातं ते, पण विषारी प्रकरण आहे आणि ती जागा प्लेटीखाली झाकली जाते, उगाच कशाला.

८ डिसेंबर

चीर. आधी ॲसिटोनने आतून धुतली, सुकू दिली. पांढरा गोंद इथे उपयोगाचा नाही, तेल प्यालेल्या लाकडाला तो धरत नाही. ॲरल्डाइट घेतलं, हळू सुकणारं, पाच मिनिटवालं नाही. दोन्ही नळ्यांतलं सारखं घेऊन कालवलं, हेअर ड्रायरची गरम हवा मारली तसं ते मधासारखं पातळ झालं, मग चीर हलकी फाकवून ड्रायरच्या हवेनेच आत ढकललं. दुसऱ्या बाजूने बारीक थेंब बाहेर आला तेव्हा खात्री पटली की आरपार गेलंय. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून करकचून गुंडाळल्या. दोन दिवस हात लावायचा नाही.

११ डिसेंबर

पट्ट्या सोडल्या. चीर बंद, नखाला लागत नाही.

आज सगळ्यात नाजूक काम केलं, लोखंड आणि लाकूड नीट बसतंय का ते बघितलं. नुसती चीर चिकटवून उपयोग नाही, ती का गेली ते मिटवलं पाहिजे. बाबांनी मधला भाग कपाटातून काढून दिला. समईची वात मोठी करून त्याच्या मागच्या तोंडावर काजळी धरली, दस्ता बसवला, बोल्ट हलका आवळला, परत काढला. जिथे लोखंड टेकतं तिथेच लाकडावर काळा ठसा उमटतो. ठसा फक्त डाव्या बाजूला, चिरेच्याच बाजूला! म्हणजे सगळा धक्का एका कडेवर येत होता. धारदार पटाशीने तो काळा ठसा तेवढा खरवडला, अगदी कागदाइतका. परत काजळी, परत बसवणं. अकरा-बारा वेळा झालं असेल. संध्याकाळी चहूबाजूंनी सारखा ठसा आला. आजीच्या समईचं काजळ दस्त्याला लागलं याचं मला फार बरं वाटलं.

१२ डिसेंबर

पोचे. ओलं सुती फडकं, त्यावर गरम इस्त्रीचं टोक, दोन सेकंद. दाबलं गेलेलं लाकूड वाफेने फुगून वर येतं. लहान-मोठे सात-आठ पोचे होते, बहुतेक सगळे उठले, एकाला चार वेळा वाफ द्यावी लागली.

एक नाही उठला आणि उठणारही नव्हता. दस्त्याच्या उजव्या बाजूला, खाली मागच्या टोकाकडे, बोटभर लांब ओरखडा आहे, खोल, कडा तुटलेल्या. वाफेने दबलेलं लाकूड वर येतं, तुटलेलं येत नाही. मी बाबांना म्हटलं की इथे त्याच रंगाचा भुसा आणि गोंद घालून भरतो, दिसणारसुद्धा नाही. ते म्हणाले, "रवांदे ता. ता माज्या हातसून झालला."

मग सांगितलं त्यांनी. पंधरा-सोळा वर्षांचे असतील, मांगरातून, म्हणजे शेतावरच्या खोपटातून, घरी येताना आजोबांनी रिकामी बंदूक त्यांच्याकडे धरायला दिली होती, काळोखात बांधावर पाय घसरला आणि दस्ता जांभ्या दगडावर घासत गेला. आजोबा काही बोलले नाहीत, घरी येऊन खोबरेल लावलं त्यावर आणि झोपले. एवढंच. बाबा मात्र रात्रभर जागे होते म्हणे. मी हे कधी ऐकलंच नव्हतं.

ओरखडा राहिला.

आणि मग मी बाकीचा दस्ता परत नीट बघितला. गालाच्या जागेवर जरासा सपाट झालाय, मुठीवरची चौकट उजव्या अंगठ्याखाली जवळजवळ पुसली गेलीये. माझ्या मनात होतं की ती चौकट परत कोरून घ्यायची, सावंतवाडीत चितारआळीला बारीक हत्याराचं काम करणारे हात आहेत, विचारून बघणार होतो. आता नाही. ती आजोबांच्या आणि बाबांच्या अंगठ्याने पुसलीये, त्यावर नवी नक्षी काढायचा मला हक्क नाही. वर्षानुवर्षं वापरून झिजलेलं आणि ओल लागून खराब झालेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तेवढी काढायची.

१३ डिसेंबर

लव मारली. ओल्या फडक्याने सगळं लाकूड पुसायचं, सुकलं की तंतू उभे राहतात, ते ३२० च्या पेपरने नुसते कापायचे, दाबायचं नाही. दोनदा. कडांना हात लावला नाही आणि मागची प्लेट जागेवर बसवूनच तिच्या आसपासचं केलं, नाहीतर लाकडाची कड गोल होते आणि प्लेट बाहेर आल्यासारखी दिसते. तोंडाला फडकं बांधलं होतं, अक्रोडाची धूळ घशाला त्रास देते.

१५ डिसेंबर

पहिलं तेल!

बरणीतलं तेल आता उजेडात धरलं तर जांभळट लाल दिसतं, बोटावर घेतलं तर कुंकवासारखं. अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन, म्हणजे पातळ होऊन खोल जाईल. सगळ्यात आधी प्लेटीखालची उघडी बाजू आणि बोल्टच्या भोकाची आतली भिंत. ब्रशने लावायचा अवकाश, लाकूड पिऊन मोकळं. आठ वेळा लावलं तेव्हा कुठे थांबलं. पुढच्या टोकालाही, पण तिथे बेताने.

मग बाहेरून. फडक्याने लावलं आणि तो राखाडी दस्ता डोळ्यांसमोर जागा झाला, काळ्या रेघा खोल गेल्या आणि मधलं सगळं मधाचं, तांबूस. वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढलं.

फडक्यांबद्दल. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. अळशीचं तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. बोळा करून फेकलेल्या फडक्यात ती उष्णता साठते आणि फडकं आपोआप पेटतं, काडी लागत नाही. आमच्याकडे खळ्यात गवताची उडवी आहे. म्हणून प्रत्येक फडकं बादलीत पाण्यात, आणि नंतर दोरीवर एकेक सुटं पसरून कडक होईपर्यंत उन्हात. आईला आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

१६ ते २१ डिसेंबर

रोज एक हात. तिसऱ्या हाताला शिरा भरल्या. अक्रोडाच्या शिरा उघड्या असतात, नुसतं तेल लावत राहिलं तर महिना जाईल. तेल लावून ४०० च्या पाण्याच्या पेपरने त्या तेलातच घासायचं, लाकडाची आणि तेलाची बारीक लापशी होते, ती तळहाताने आडवी पुसत शिरांत बसवायची आणि तशीच रात्रभर ठेवायची. त्याच लाकडाची भर, त्यामुळे रंग फरकत नाही. दुसऱ्या दिवशी वरचं काढायचं. हे तीनदा केलं. मुठीच्या नक्षीला चिकटपट्टी लावून झाकलं होतं, तिथे ही लापशी गेली तर दगड होऊन बसते.

शेजारचे काका बघायला आले होते. त्यांची होडी आहे. म्हणाले काजूच्या टरफलाचं तेल लाव, लाकडाला जन्मभर काही होत नाही. होडीला खरंच होत नाही, पण ते तेल कातडी भाजतं, इथे गाल टेकायचाय. आणि आजी-आजोबांचं खोबरेल, ते प्रेमाने लावलेलं होतं पण खोबरेल सुकतच नाही कधी. तेल किती सुकतं हे त्याच्या आयोडीन अंकावरून कळतं, अळशीचा १७० च्या वर आणि खोबरेलाचा १० च्या आसपास, इतका फरक. मुठीचा चिकटपणा थोडा त्या खोबरेलाचाही असणार.

२४ डिसेंबर

चूक झाली. लिहितो.

परवा घाईत होतो, काजूच्या बागेत साफसफाई चालू आहे, म्हणून वाटलं एकदाच जरा जाड हात देऊ आणि दोन दिवस मोकळे होऊ. टर्पेंटाइन न घालता डबल बॉइल्ड, म्हणजे लवकर सुकावं म्हणून तयार केलेलं अळशीचं तेल ब्रशने लावलं आणि पुसलं नाही. कालपासून परत ढगाळ आहे. आज बघितलं तर वरून साय धरल्यासारखी पातळ कातडी आणि आत ओलं. बोट लावलं तर ठसा, त्यावर दोन मुंग्या आणि गवताचं कूस चिकटलेलं.

कारण साधं आहे. हवा वरच्या थराला लागते, तो थर आधी सुकून झाकण होतो, आतल्या तेलाला हवाच मिळत नाही. आता वर्ष ठेवलं तरी ते तसंच राहील.

२५ डिसेंबर

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं स्कॉचब्राइट, दोन तास. ती साय रबरासारखी गुंडाळून निघाली. खालचे आधीचे हात मात्र पक्के होते, ते हलले नाहीत, म्हणजे फक्त वरचंच गेलं. तेलाची हीच गोष्ट मला पटते, चुकलं तर चुकलं तेवढंच काढता येतं, आणि वीस वर्षांनी पुन्हा ओरखडा आला तर तिथेच दोन थेंब चोळायचे. पीयूचं तसं नाही, एका जागी उडालं की सगळं काढा.

२७ डिसेंबर ते १३ जानेवारी २०२५

थंडी पडलीये, पहाटे सुकी हवा. हेच दिवस तेलाचे.

आता फडकं बंद, ब्रश बंद. रोज संध्याकाळी दस्ता मांडीवर घेऊन तीन थेंब तळहातावर. तीनच. एका बाजूला चोळत राहायचं, हात गरम होईपर्यंत, मग तेल दिसेनासं होतं आणि हात लाकडावर अडखळायला लागतो, तिथे थांबायचं. दुसरी बाजू परत तीन थेंब. नळीखाली असतो त्या पुढच्या लाकडाच्या तुकड्याला एक थेंब पुष्कळ. शेवटी मऊ सुती कापडाने पुसून टांगून ठेवायचा.

पहिले चार दिवस काही फरक दिसला नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी तिरप्या उजेडात एक मंद झळाळी दिसली, काचेसारखी नाही, नारळाच्या जुन्या करवंटीला असते तशी. दर चौथ्या दिवशी ६०० चा पेपर तेलात भिजवून अगदी वरवर फिरवला, धुळीचे कण निघायला.

३ तारखेपासून बाबा पण बसायला लागले. मी जेवायला उठलो की ते घेऊन चोळत बसायचे. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, खरबरीत आहे आणि गरम. उजवी बाजू बहुतेक त्यांनीच केली. ओरखड्यात तेल जमतं, ते अंगठ्याने बाहेर काढून परत चोळायचे, रोज, न चुकता.

१४ जानेवारी

संक्रांत. तेल नाही, सुट्टी.

१९ जानेवारी

मेण. मधमाशीचं मेण आणि टर्पेंटाइन, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवलं, थेट आचेवर नाही. थंड झाल्यावर लोण्यासारखं झालं. दस्त्याला अगदी पातळ, पुसून टाकलं. खरं म्हणजे बाहेरून मेण नसतं तरी चाललं असतं, पण प्लेटीखाली आणि जिथे लाकूड लोखंडाला टेकतं त्या कडांना जरा जास्त लावलं. पाऊस आला की तिथेच पाणी थांबतं.

नक्षीची चिकटपट्टी आधीच काढली होती, तिथे नुसतं पातळ केलेलं तेल दोनदा ब्रशने, लगेच कोरड्या ब्रशने उचललं.

२६ जानेवारी

जोडली. बोल्ट आवळताना मी ती घासून आणलेली सळी धरली आणि बाबांनी दस्ता. पूर्ण आवळल्यावर बाबांनी मुठीत धरून पिळून बघितलं, कुठे हालत नाही, करकर नाही. प्लेटीचे स्क्रू मेणात बुडवून बसवले म्हणजे परत गंज आणि काळी वर्तुळं नकोत.

बाबांनी अंगणात जाऊन खांद्याला लावली, गाल टेकवला, नळी डोंगराकडे. बराच वेळ तसेच उभे. उतरवली तेव्हा अंगठा ओरखड्यावर होता, त्यांच्या लक्षातही आलं नसेल. "आता हातात बसता बग," म्हणाले.

कपाटात ठेवायची पद्धत बदलली. आता नळी खाली, दस्ता वर, खाली फेल्टचा तुकडा. तेल उतरलं तर फेल्टवर उतरेल.

१६ फेब्रुवारी

काजू धरायला लागलेत आणि वानरं रोज सकाळी हजर. काल आणि आज मिळून चार बार काढले बाबांनी. संध्याकाळी प्लेट काढून बोल्ट बघितला, पाव फेरा गेला आत, एवढं होणारच, नवीन टेकलेलं लाकूड जरा बसतं. चीर भिंगाने बघितली, बंद आहे. लोखंडाच्या कडेला लाकूड कुठे चेपलेलं नाही.

गालाच्या जागी घामाचा पुसट डाग होता. ओल्या फडक्याने पुसला, एक थेंब तेल चोळलं, गेला.

पुढचं ठरलंय. आता महिन्यातून एकदा एक हात, मे अखेरीस पावसाच्या आधी दोन, आणि प्लेटीखालची बाजू तेव्हा परत उघडून बघायची. परत जमा करायची वेळ आलीच तर आधी मेणाचा एक जाड हात आणि सुती कापडात गुंडाळून द्यायची, प्लास्टिकमध्ये नाही, त्यात ओल कोंडते. बरणीत रतनजोतीचं तेल निम्मं उरलंय, झाकण घट्ट लावून आजीच्या समईच्या बाजूला कोनाड्यात ठेवलंय.